जुनी पिनबॉल मशिनं: दुरुस्ती आणि संग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, आमच्या घराच्या तळघरात सहा पिनबॉल मशिनं आहेत, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी चेंडू खेळवायची नाण्याची यंत्रं. पाच चालू आहेत, सहावं उघडं पडलंय. घरी येणारे मित्र, त्यांची मुलं, भारतातून आलेले पाहुणे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझं सगळं शिक्षण १९६० आणि ७०च्या दशकांतल्या गॉटलिब कंपनीच्या मशिनांवर झालं, त्यामुळे उत्तरांचा कल तिकडेच राहील.

पिनबॉल म्हणजे आपलं बगाटेलच ना?

नातं तेच. मे महिन्याच्या सुट्टीत आपण खिळे ठोकलेल्या फळीवर गोळी उडवायचो, त्या बगाटेलचा जन्म फ्रान्समधला. तिथून तो खेळ अमेरिकेत आला. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये त्यातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. काठीने चेंडू ढकलण्याऐवजी स्प्रिंगचा दांडा ओढून सोडायचा, ही त्यांची देणगी. आजच्या मशिनातही तो दांडा तसाच आहे.

१९३१ मध्ये, मंदीच्या ऐन कडाक्यात, डेव्हिड गॉटलिब यांनी शिकागोत 'बॅफल बॉल' बाजारात आणलं. दुकानाच्या काउंटरवर ठेवायची ती एक पेटी होती. तिला वीज लागत नसे आणि पैसाभर नाण्यात करमणूक होई. पुढच्याच वर्षी रेमंड मोलोनी यांनी 'बॅलीहू' काढलं, आणि त्याच नावावरून 'बॅली' ही कंपनी उभी राहिली. पण या सगळ्या मशिनांत चेंडू एकदा सुटला की खेळणाऱ्याने फक्त बघायचं. फार तर पेटीला धक्का द्यायचा. तो धक्का आवरण्यासाठी हॅरी विल्यम्स यांनी 'टिल्ट' शोधला. धातूच्या कडीत एक लंबक लोंबतो. मशीन जास्त हललं की लंबक कडीला टेकतो आणि खेळ बंद होतो.

खरा बदल १९४७चा. गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्ज यांनी फ्लिपर बसवले, म्हणजे बटण दाबलं की चेंडूला परत वर मारणारे छोटे हात. सहा फ्लिपर होते, आणि त्यांची तोंडं आजच्या उलट, बाहेरच्या बाजूला होती. दुसऱ्याच वर्षी जेन्को कंपनीच्या 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये स्टीव्ह कोर्डेक यांनी दोनच फ्लिपर ठेवले, तेही अगदी खाली. तेव्हापासून चेंडू वाचवणं खेळणाऱ्याच्या हातात आलं.

अमेरिकेत यावर बंदी होती म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये ही मशिनं जप्त करायला लावली आणि हातात घण घेऊन स्वतः काही फोडलीसुद्धा. हा जुगार आहे आणि मुलांच्या खिशातली नाणी लुबाडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती. इतकंच काय, मशिनं जिथे बनत त्या शिकागोतही ती अनेक वर्षं होती. न्यूयॉर्कची बंदी १९७६ मध्ये उठली. रॉजर शार्प या तरबेज खेळाडूने नगर परिषदेसमोर मशीन खेळून दाखवलं. चेंडू वरच्या कुठल्या वाटेने जाईल ते आधी सांगितलं, दांडा ओढला, आणि चेंडू त्याच वाटेने गेला.

हा इतिहास संग्राहकाच्या कामाचा आहे, कारण बंदीची खूण मशिनांच्या पोटात सापडते. काही राज्यांत 'फुकट डाव' हे बक्षीस, म्हणजे जुगारच, धरलं जाई. त्यावर उपाय म्हणून गॉटलिबने १९६० पासून फुकट डावाऐवजी जादा चेंडू देणारी मशिनं काढली. एकाच रचनेची दोन नावांची दोन मशिनं दिसली तर त्यातलं एक बहुतेक या जादा चेंडूच्या जातीचं असतं.

'ईएम' म्हणजे काय?

इलेक्ट्रोमेकॅनिकल. १९७७च्या आसपास मशिनांत मायक्रोप्रोसेसर आले, त्याआधीची सगळी ईएम. यांत एकही चिप नसते. झाकण उघडलं की दिसतात रिले (विजेने उघडमिट होणारे स्विच), पायरी-पायरीने सरकणाऱ्या चकत्या, आकड्यांची चाकं, मैलभर वाटावी इतकी कापडी वेष्टनाची वायर, आणि तळाशी स्कोअर मोटर. चेंडू ५० गुणांच्या लक्ष्यावर आदळला की ही मोटर फिरते. तिच्या दातेरी चकत्या पाच वेळा कॉन्टॅक्ट (वीज जोडणारी-तोडणारी धातूची पाती) मिटवतात, दहाचं चाक पाच घरं पुढे जातं आणि घंटी पाच वेळा वाजते. मशीनला मोजता येतं ते असं. मला या छंदात ओढलं ते याच गोष्टीने. इथला विचार डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो.

पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

एकाच खेळाडूचं ईएम. चार खेळाडूंच्या मशीनमध्ये आकड्यांच्या चाकांचे चार संच असतात, म्हणजे बिघडायला चौपट जागा. गॉटलिबची एकखेळाडू मशिनं त्यांच्या पाचरीच्या आकाराच्या डोक्यामुळे (आकडे आणि चित्राची काच असलेल्या वरच्या उभ्या भागामुळे) लांबून ओळखू येतात. त्यांची बांधणी भक्कम आहे आणि सुटे भाग आजही नवे बनतात. एड क्रिन्स्की यांची रचना आणि रॉय पार्कर किंवा गॉर्डन मॉरिसन यांचं चित्र, अशी जोडी मिळाली तर मी तरी फार विचार करत नाही. १९६६च्या 'सेंट्रल पार्क'मध्ये वरच्या काचेमागे एक माकड हातोडीने घंटा वाजवतं. त्या माकडासाठी लोक वर्षानुवर्षं शोध घेत फिरतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

आणि 'ॲडम्स फॅमिली'? सगळे तेच शोधतात.

१९९२चं आहे. पॅट लॉलर यांची रचना, २०,२७० मशिनं बनली. खेळायला अप्रतिम आहे आणि महागही. पण त्याचं पोट म्हणजे सर्किट बोर्ड. शिकायला सुरुवात तिथून करू नका.

विकत घेताना काय बघायचं?

आधी वरची काच, म्हणजे बॅकग्लास. तिचं चित्र शाबूत असेल तर बाकी बहुतेक सगळं सुधारता येतं. मग खेळाचा पट, म्हणजे चेंडू जिच्यावर धावतो ती फळी. टॉर्च आडवी धरून बघा. जिथे चेंडू सतत आदळतो तिथला रंग लाकडापर्यंत गेलाय का, रंगीत प्लॅस्टिकच्या चकत्या वर आल्यात का की खाली दबल्यात, ते पाहा. त्यानंतर तळाचं लाकूड. ओल्या तळघरात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या मशीनचे कोपरे फुगतात आणि पायाचे बोल्ट लाकडात पकड धरत नाहीत.

शेवटी पट उचलून वायरी बघा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ काढतो. घाण, कोळी, उंदराच्या लेंड्या चालतील. कापलेल्या वायरी, चिकटपट्टीने जोडलेली टोकं, फ्यूजच्या जागी गुंडाळलेला चांदीचा कागद चालणार नाही. पन्नास वर्षं कुणी हात न लावलेलं बंद मशीन मी डोळे मिटून घेईन. दहा जणांनी 'दुरुस्त' केलेलं चालू मशीन घेताना मात्र दोनदा विचार करीन.

नकाशा आहे का, तेही विचारा. सर्किटचा मूळ छापील कागद पुष्कळदा पेटीतच घडी घालून ठेवलेला असतो.

घरी कसं आणायचं?

दोन माणसं लागतातच. मशीनचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं. आधी चेंडू बाहेर काढा. तो आत राहिला तर वाटेत चित्रं आणि दिवे फोडत जातो. मग पटावरची काच आणि बॅकग्लास काढून दुलईत गुंडाळा. डोक्याचे प्लग सोडवण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो घ्या, डोकं उतरवा, आणि पाय सगळ्यात शेवटी काढा.

आणल्याबरोबर प्लग लावून बघू का?

नको. खूप मोह होतो, तरीही नको.

जुन्या मशिनांना दोन पिनांचा प्लग असे, अर्थिंग नसे. वायरीचं वेष्टन पन्नास वर्षांत कडक होऊन तडकलेलं असतं. आतली एक वायर धातूला टेकली तर पायांपासून नाण्याच्या दरवाजापर्यंत सगळ्यात वीज उतरते, आणि तुम्ही दोन्ही हातांनी तेच धरून उभे असता. म्हणून पहिलं काम नवी तीन पिनांची वायर लावणं, आणि अर्थ दरवाजा, पटाच्या धातूच्या पट्ट्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला जोडणं. दुसरं काम फ्यूज. प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा नकाशातल्या आकड्याशी ताडून पाहा. मोठा फ्यूज घातलेला आढळला तर समजा की आधीच्या कुणीतरी बिघाड शोधायचं टाळलंय. आत बहुतेक ठिकाणी दिव्यांना ६ व्होल्ट आणि कॉइलना (वीज मिळाली की लोखंडी दांडा ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांना) २४ ते ३० व्होल्ट असतात, पण ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला घरातली पूर्ण वीज असते. काही मशिनांत बाहेरचं बटण बंद केलं तरी ती तिथवर पोचलेली राहते. हात घालण्याआधी प्लग उपटा.

चालू केलं, पण आकडे शून्यावर येतच नाहीत. मोटर नुसती फिरत राहते.

ईएम मशीनचं हे सगळ्यात सामान्य दुखणं. हे कळलं की निम्मं मशीन कळलं.

नवा डाव सुरू झाला की मशीन प्रत्येक आकड्याच्या चाकाला धक्के देत शून्यावर आणतं. चाक शून्यावर पोचलं की त्याच्या मागचा एक छोटा कॉन्टॅक्ट उघडतो आणि 'मी पोचलो' असा निरोप देतो. सगळ्या चाकांचे निरोप मिळाल्याशिवाय मशीन पुढे सरकत नाही. एक चाक जरी चिकट झालं, किंवा त्याचा कॉन्टॅक्ट काळा पडला, तरी मशीन बिचारं वाट बघत राहतं. ती टक-टक-टक म्हणजे मशीन त्या चाकाला हाक मारतंय.

तेव्हा आधी बघा कोणतं चाक शून्यावर नाही. हाताने फिरवून बघा. जड वाटलं तर खोलून जुनं वंगण पूर्ण पुसून काढा. पन्नास वर्षांपूर्वीच्या तेलाचा आता डिंक झालेला असतो. चाक हलकं फिरत असेल तर कॉन्टॅक्ट बघा. बारीक लवचीक कानस दोन टोकांमधून एक-दोनदा हलकेच फिरवा. घासून झिजवायचं नाही, काळी पुटं तेवढी काढायची. मग दोन पात्यांमधलं अंतर बघा. मिटताना पातं टेकून किंचित पुढे दबलं पाहिजे, म्हणजे टोकं एकमेकांवर थोडी घासतात आणि आपोआप स्वच्छ राहतात.

पहिल्यांदा हे करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी सगळी चाकं घरंगळत शून्यावर आली, मोटर थांबली आणि चेंडू 'खट्' करून दांड्यासमोर आला. तो आवाज ऐकून बायको वरून धावत खाली आली होती.

नव्याने शिकणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं: आधी घाण, मग जुळवणी, आणि भाग बदलणं सगळ्यात शेवटी. ईएम मशीनमधला बिघाड बहुतेक वेळा काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टचा, वाकलेल्या पात्याचा किंवा सुटलेल्या सोल्डरचा असतो. रिले सहसा मरत नाही.

फ्लिपर मरगळलेत. नवी कॉइल घालू?

थांबा. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचं चेंडू मारायला, बारीक तारेचं बटण दाबून धरल्यावर फ्लिपर वर टिकवायला. फ्लिपर पूर्ण वर गेला की एक कॉन्टॅक्ट उघडतो आणि बारीक वेटोळं कामाला लागतं. हा कॉन्टॅक्ट काळा पडला तर फ्लिपरला सुरुवातीपासूनच कमी जोर मिळतो. उलट तो उघडलाच नाही तर जाड वेटोळं तापून जळतं. तेव्हा आधी तो साफ करा, त्याचं उघडणं तपासा, आणि कॉइलच्या आतली नळी बदला. जुन्या धातूच्या नळीऐवजी नायलॉनची घातली तर लोखंडी दांडा सुळकन सरकतो. त्याला तेल अजिबात लावायचं नाही.

डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट स्प्रे) मारलं तर?

मारू नका. कॉन्टॅक्टवर त्याचा थर बसतो, थरावर धूळ बसते, आणि ठिणगी पडली तर तो पेटूही शकतो.

खेळाचा पट कसा स्वच्छ करायचा?

पाणी लावायचं नाही. पटावरच्या जुन्या लाकरला, म्हणजे चकचकीत पारदर्शक लेपाला, बारीक तडे असतात. त्यांतून पाणी लाकडात शिरतं आणि रंग उचलला जातो. मी मऊ सुती फडक्यावर नॅप्था (पेट्रोलसारखं पटकन उडणारं द्रावण) घेऊन पुसतो. जुनं मेण आणि कॉइलची काळी भुकटी त्याने निघते. खिडक्या उघड्या ठेवतो आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नसेल हे आधी बघतो. त्यानंतर प्लॅस्टिकसाठी मिळणारं बारीक पॉलिश, आणि शेवटी कार्नाउबा मेण. मेलामाइनचा स्पंज आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने चमत्कार होतो खरा, पण तो स्पंज मळाबरोबर लाकरही खरवडतो. अगदी हट्टी काळ्या रेघेपुरताच वापरा.

रबरी कड्या सगळ्या बदला. स्वस्तातलं काम आहे, पण मशीनचं वय दहा वर्षांनी कमी होतं. चेंडूही नवा घ्या. २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू सगळीकडे मिळतो. खवले पडलेला जुना चेंडू पटावर कानशीसारखा चालतो.

बॅकग्लासचा रंग सुटतोय. काय करू?

सगळ्यात आधी, काचेच्या मागच्या बाजूला हात लावू नका. चित्र काचेवर मागून छापलेलं असतं. दिव्यांची उष्णता आणि थंडी-उन्हाळ्यातला फरक यांनी रंगाची काचेवरची पकड सुटत जाते. माझ्या पहिल्या मशीनच्या काचेमागे मी धूळ पुसायला ओलं फडकं फिरवलं, तर चित्रातल्या बाईचा अर्धा गाल फडक्यावर आला. ते फडकं मी अजून ठेवलंय.

आज मी असं करतो. आधी दिवसाच्या उजेडात पुढून-मागून फोटो. मग काच आडवी ठेवून मागून ग्लेझच्या, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या पारदर्शक लेपाच्या, स्प्रेचे पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. गेलेला रंग याने परत येत नाही, उरलेला जागच्या जागी धरून राहतो. एकदा मारलेलं ग्लेझ काढता येत नाही, म्हणून दुर्मीळ काच असेल तर आधी अनुभवी माणसाला दाखवा. पुढचं नुकसान रोखायला दिवे बदला. ४४ क्रमांकाचा जुना दिवा २५० मिलिअँपिअर घेतो, ४७ क्रमांकाचा १५०. उजेडात नावापुरताच फरक पडतो, उष्णता बरीच कमी होते.

एलईडी लावू का?

काचेमागे, उबदार रंगाचे, चालतील. पटावर मला आवडत नाहीत. ही चित्रं पिवळट उजेडासाठी काढलेली आहेत.

मशीन नव्यासारखं करून घ्यावं का? नवा रंग, नवा पट, चकाचक क्रोम?

माझ्याकडे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही.

आजकाल छापील नवे पट मिळतात, नव्या काचा मिळतात, पेटीवर रंग मारायचे साचे मिळतात. हे सगळं बसवून आरशासारखं झालेलं मशीन मी खेळलो आहे, आणि ते काम करणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे. पट लाकडापर्यंत गेला असेल, पेटी कुजली असेल, तर दुसरा मार्गही नसतो. पण बरंच चांगलं मशीन लोक उगाच सोलून काढतात.

पेटीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीने आकडे लिहिलेले असतात. कारखान्यातल्या कुणी तपासून केलेल्या खुणा, गावोगावच्या मेकॅनिकने लिहिलेल्या तारखा, कराची चिकटवलेली तिकिटं. माझ्या एका मशीनमध्ये दरवाजाच्या आत कुणीतरी प्रत्येक महिन्याची कमाई लिहीत गेलंय, जवळपास दोन वर्षं. मधले तीन महिने कोरे आहेत. मशीन बंद होतं, की दुकान, की माणूसच आजारी होता? सँडपेपर फिरवला असता तर हा प्रश्नही उरला नसता. डाव्या बटणाभोवतीचा रंग उजव्यापेक्षा जास्त झिजलाय. तोही मी तसाच ठेवलाय.

म्हणून माझा नियम असा. चेंडूचा खेळ आणि खेळणाऱ्याची सुरक्षितता यांच्या आड येईल ते बदलायचं. बाकीचं स्वच्छ करायचं आणि टिकवायचं. रंग गेलेल्या जागी हात लावायचाच झाला तर तेवढ्याच ठिपक्यापुरता, नंतर काढता येईल असा. काढलेले मूळ भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, पेटीच्या तळाशी ठेवायचे. तुमच्यानंतर हे मशीन कुणाकडे तरी जाणारच आहे.

१९७७ नंतरचं मशीन मिळालंय. वेगळी काळजी काय?

आधी बॅटरी बघा. बॅलीच्या त्या काळातल्या बोर्डांवर रिचार्ज होणारी बॅटरी सोल्डर केलेली असते, विल्यम्स कंपनीच्या बोर्डांवर तीन पेन्सिल सेल. दोन्ही गळतात आणि त्यांचा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. बॅटरी काढा, हिरवट-पांढरं दिसलं तर सौम्य व्हिनेगरने धुवा, मग स्वच्छ पाणी, मग अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवा. नवी बॅटरी वायर लावून बोर्डापासून लांब ठेवा. दुसरी गोष्ट, कनेक्टरच्या जळालेल्या पिना. पीन आणि तिच्यात बसणारं टोक, दोन्ही एकत्र बदला. आणि या मशिनांतल्या पटावरच्या सोनेरी कॉन्टॅक्टना कानस कधीही लावायची नाही. कोरा जाड कागद मधून ओढला की पुरे.

भारतात नेता येईल का?

विजेचा प्रश्न सुटतो. अमेरिकन मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. चांगल्या क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. इथली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची, त्यामुळे ईएमची मोटर थोडी सावकाश फिरते आणि ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. मशीन तासन्‌तास चालू ठेवू नका.

मला जास्त भीती हवेची वाटते. मुंबई, कोकण, गोव्याचा पावसाळा प्लायवूडला आणि पोलादाला मानवत नाही. बंद, कोरडी खोली, शक्य असेल तर ओल शोषणारं यंत्र, आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा खेळणं. वापरातले कॉन्टॅक्ट कमी गंजतात.

विकत न घेता खेळायला कुठे मिळतील?

कॅलिफोर्नियात अलामिडाचं पॅसिफिक पिनबॉल म्युझियम, लास व्हेगासचं पिनबॉल हॉल ऑफ फेम. दोन्हीकडे मशिनं बघायला नाही, खेळायला ठेवलेली आहेत. शिकागो भागात १९८५ पासून पिनबॉल एक्स्पो भरतो. तिथे दुरुस्तीवर बोलणारी माणसं भेटतात, आणि ती हातचं काही राखून ठेवत नाहीत.

लहान मुलांना हात लावू द्यावा का?

जरूर. स्टूल द्या, बटणं दाखवा आणि बाजूला व्हा. काचेवर झोपू नये एवढाच आमच्या घरचा नियम आहे. सांगलीहून आई आली होती तेव्हा तिने आधी नुसतं ऐकलं. दहाची, शंभरची, हजाराची अशा तीन घंट्या वेगवेगळ्या सुरात वाजतात. ती म्हणाली, "हे पेटीसारखंच आहे रे, सूर लावून ठेवलेत." मग तिने खुर्ची ओढून घेतली, आणि दुपारच्या चहापर्यंत उठली नाही.